पांडाजमध्ये (पायथनची टेबलं हाताळायची लायब्ररी) दोन टेबलं सारखी आहेत का, कसं तपासता?

अर्धविराम: जुन्या आणि नव्या स्क्रिप्टचं आउटपुट, दोन डेटाफ्रेम (म्हणजे पांडाजची टेबलं), साधारण 40,000 ओळी. डोळ्यांना सारखीच दिसतात, पण .इक्वल्स() फॉल्स म्हणतं. संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय. नवी लायब्ररी टाकायची परवानगी नाही, आधीच सांगते.

जुना_खोंड: पोलर्स घ्या, टेबलांचीच दुसरी लायब्ररी. आम्ही सगळं तिकडे हलवलं, तेव्हापासून सुखात आहे.

टॅब_की_स्पेस: खोंडसाहेब, शेवटचं वाक्य वाचलंत का?

रात्रपाळी: डीटाइप्स, म्हणजे कॉलमांचे प्रकार, बघा. एकीकडे इंट64 (पूर्णांक) आणि दुसरीकडे फ्लोट64 (दशांश) असेल तर आकडे तेच असूनही फॉल्स. कॉलममध्ये एक जागा रिकामी आली की फाइल वाचणारं रीड_सीएसव्ही अख्खा कॉलम फ्लोट करून टाकतं. माझा पूरा रविवार यात गेला.

नवशिका७: सरळ == लावा की!

रात्रपाळी: लावा आणि फसा. नॅन, म्हणजे रिकाम्या जागेची खूण, स्वतःशीही समान नसतो. .इक्वल्स() निदान त्याच जागचे नॅन समान धरतं.

जुना_खोंड: स्वतःशी समान नाही, ही कसली व्याख्या?

टॅब_की_स्पेस: आयईईई 754, दशांश आकड्यांचं मानक. एसक्यूएलमधला (डेटाबेसच्या भाषेतला) नल त्याहून वस्ताद, तो ना हो म्हणतो ना नाही. अवांतर झालं, सॉरी.

घासूनपुसून: पांडाजच्याच टेस्टिंगमधलं असर्ट_फ्रेम_इक्वल वापरा. कुठल्या कॉलमवर बिनसलं ते सांगतं, दशांशातला किरकोळ फरक पोटात घालतं. ओळींचा क्रम वेगळा असेल तर चेक_लाइक=ट्रू. पण ते इंडेक्सवरून (ओळींच्या लेबलांवरून) जुळवतं, म्हणून आधी की-कॉलम, म्हणजे ज्यावरून ओळ ओळखू येते तो, इंडेक्सला लावा. नाहीतर आपोआप पडलेले ओळक्रमांकच, 0, 1, 2 शी 0, 1, 2, जुळवत बसेल.

नवशिका७: डीटाइप्स पण बघा.

अर्धविराम: डीटाइप्स सारखेच निघाले. 'एकूण' कॉलममध्ये एके ठिकाणी जुन्यात 0.3, नव्यात 0.30000000000000004! छापताना दोन्हीकडे 0.3च दिसतं. नव्या स्क्रिप्टमध्ये बेरजेचा क्रम बदललाय. दोन्हीकडे राउंड(2) करून .इक्वल्स() लावतेय.

घासूनपुसून: अहो, राउंड नको! 0.125 च्या अल्याड-पल्याडचे दोन आकडे, एक 0.12 होईल, दुसरा 0.13. असर्टच लावा.

अर्धविराम: लावून बघितलं, पास झालं. पण पास झालं की ते काहीच छापत नाही, आणि साहेबांना स्क्रीनवर 'ट्रू' बघायचंय. राउंडने ट्रू आलं. पाठवलं.

जुना_खोंड: पोलर्सचं तेवढं मनावर घ्या.