पूलमध्ये किक मारताना साइड द्यावी की नाही?

निळा_चॉक: नऊ फुटी टेबल, नाइन-बॉल (लहानात लहान नंबरचा बॉल आधी शिवायचा). पांढरा (क्यूने मारायचा बॉल) लांब रेलजवळ, म्हणजे टेबलाच्या लांब कडेजवळ, 1 नंबर डायमंडसमोर (कडेवरची खूण). एक्का (1 नंबरचा बॉल) त्याच रेलजवळ 5 नंबर डायमंडसमोर, मध्ये बॉल आडवे. समोरच्या रेलवर 3 नंबरसमोर टप्पा दिला की काम झालं. अशा एका कुशनच्या किकला (पांढरा आधी रेलच्या रबरी कुशनवर, मग बॉलवर) साइड, म्हणजे डावी-उजवी फिरकी, नकोच. साइड दिली की पांढरा सुटतानाच उलट्या बाजूला ढळतो, हळू मारला तर वाटेत परत वळतो. चार फुटांत एक अंश चुकला तर कुशनवर 21 मिमी फरक, परत येईपर्यंत तो दुप्पट. मध्यावर किंचित वर मारा, लोळत जाऊ द्या.

रनिंगवाला: "नकोच" पटत नाही. बिनसाइडचा बॉल तिरका आदळला की कुशन त्याला घासतं आणि थोडी साइड स्वतःच देतं. किती, हे बॉलच्या मळावर, हवेतल्या दमटपणावर ठरतं. अर्धी टिप (क्यूच्या टोकाच्या निम्म्या रुंदीएवढी) रनिंग साइड आधीच दिली तर ते घासणं कमी होतं, म्हणून अनोळखी टेबलावर मला तीच भरवशाची वाटते. बॉल रेलवरून उजवीकडे निघायचा असेल तर उजवी, डावीकडे तर डावी. कोन पसरतो, तेवढा टप्पा अलीकडे घ्यायचा.

निळा_चॉक: "तेवढा" म्हणजे किती? घोडं तिथेच अडतं. वेग बदलला की तो आकडाही बदलतो.

जुनं_कापड: साइडच्या नावावर खपवलेल्या बऱ्याच चुका मुळात निशाण्याच्या असतात. डायमंड कुशनच्या नाकापासून (पुढे आलेल्या कडेपासून) जवळपास 94 मिमी मागे असतो, आणि 57 मिमीच्या बॉलचा मध्य नाकापासून अर्धा बॉल आधीच वळतो. वरच्या किकला थेट 3 नंबर डायमंडवर रोखलंत तर टप्पा साधारण एक बॉल अलीकडे पडेल. एक्क्याजवळ पोचेपर्यंत दोन बॉलांचा फरक. मग म्हणायचं, "साइड लागली."

आणि टॉप-स्क्रूचं, म्हणजे पुढच्या-मागच्या फिरकीचं काय? लोळत आलेल्या बॉलचा टॉप आपटल्यावरही रेलकडेच ओढतो, त्यामुळे वाट वाकून लांब जाते. स्क्रू असेल तर उलट, कोन आखूड. जोरात मारला तरी आखूडच. मात्र स्क्रू कापडावर लवकर मरतो, साइड बराच वेळ टिकते.

रनिंगवाला: हे मान्य. पण सरळ रेषाच बॉलने अडली असेल तर? 1995 मध्ये अमेरिकेत रीनोला फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसने अमेरिकेच्या अर्ल स्ट्रिकलँडविरुद्ध दोन कुशनची झेड किक (समोरासमोरच्या रेलवरून Z आकारात) मारून पाच नंबरचा बॉल पॉकेट केला. तिथे साइडशिवाय भागतं का?

निळा_चॉक: ते उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. झेडमध्ये पहिल्या रेलवर रनिंग असलेली साइड समोरच्या रेलवर चेक, म्हणजे उलटी, होते. लांब रेलवरून आखूड रेलवर, टेबलाला वळसा घालत गेलात तरच ती रनिंग राहते. हा फरक कळेपर्यंत साइडला हात लावू नये.

जुनं_कापड: एक्क्याला नुसतं शिवून भागत नाही, त्यानंतर बॉल पॉकेट झाला नाही तर कुठला तरी बॉल रेलला लागायला हवा; नाहीतर फाउल, समोरच्याला बॉल इन हँड (पांढरा हवा तिथे ठेवून खेळायचा). एक्का रेलपासून वीतभर सुटलेला असेल तर "लोळत जाऊ द्या" एवढा वेग पुरत नाही. वेग वाढवा, आखूड होणार हे धरून टप्पा थोडा पुढे न्या. माझ्या मते तिथेही साइड नाही.

रनिंगवाला: टप्पा पुढे न्यायला जागा नसेल, तर अर्धी टिप रनिंगच देणार.