मुंबईत एकच रात्र हाताशी असेल तर (अनुभव धागा)

चौथी सीट
माळा आवरताना लोकलच्या कूपनांचं जुनं बुकलेट सापडलं. यंत्रात सरकवून ठप्पा मारायचा, ती कूपनं. निम्मी कोरीच आहेत. म्हटलं या निमित्ताने धागा काढावा. आज संध्याकाळी मुंबईत पोचलात, पुढची गाडी किंवा विमान उद्या. मधल्या रात्रीचं काय करायचं? "आमच्याकडेच या" म्हणणारे सगळे नातेवाईक बदलापूर नाहीतर विरारला, तेव्हा तो पर्याय सोडून बोला.

सुरुवात मीच करते. मुक्काम नेहमी जिथून निघायचंय त्याच्याजवळ घ्यावा, जिथे उतरलात तिथे नाही. संध्याकाळी उशीर झाला तर फिरणं बुडतं, पहाटे उशीर झाला तर गाडी बुडते. कोकणात जाणारी जनशताब्दी ५:१०, वंदे भारत ५:२५, तेजस ५:५०, तिन्ही सीएसएमटीहून. म्हणजे खोली फोर्ट किंवा मशीद बंदरला, चालत स्टेशन गाठता येईल अशी. पहाटेचं विमान असेल तर मरोळ, सहार, अंधेरी पूर्व. पावसाळी वेळापत्रकात कोकणच्या गाड्यांच्या वेळा आणि वार बदलतात, आदल्या दिवशी पुन्हा बघा.

सानपाडा स्लो
तुतारी एक्सप्रेस विसरलात, सावंतवाडीला जाणारी. दादरहून रात्री ००:०५. तिला खोली लागतच नाही, फक्त सामान ठेवायची सोय हवी.

आणि तारीख!! १२ तारखेची तुतारी म्हणजे ११ तारखेच्या रात्री जेवून दादरला जायचं. १२ ला दिवसभर खरेदी करून रात्री गेलात तर गाडी सावंतवाडीला पोचूनही झालेली असते. मध्यरात्रीनंतरच्या विमानांचंही तेच.

घाटावरची
हे फ्रेम करून लावा कुणीतरी.

पाणपोई
सामानाचं सविस्तर लिहितो, कारण घोळ तिथेच होतो.

स्टेशनच्या क्लोकरूमला गाडीचं तिकीट दाखवावं लागतं आणि प्रत्येक नगाला कुलूप लागतं. चेन असलेल्या बॅगेला छोटं कुलूप चालतं. पण दोरी बांधलेलं खोकं, तोंड शिवलेली गोणी, आंब्याची पेटी, हे घेत नाहीत. नाशवंत आणि खायचे पदार्थ तर नाहीच. म्हणून हापूसची पेटी आणि एक रात्र हे गणित जमत नाही, पेटी खोलीवरच न्यायची. पावतीचा फोटो काढून ठेवा. सामान परत घ्यायला पंधरा-वीस मिनिटं हाताशी ठेवा, लांब पल्ल्याच्या दोन गाड्या एकदम लागल्या की तिथे रांग होते. सीएसएमटी, दादर, एलटीटीला (कुर्ल्याचं लोकमान्य टिळक टर्मिनस) डिजिटल लॉकरही आहेत, पण त्यात मोठी सुटकेस बसेल असं धरून चालू नका.

रिटायरिंग रूम: कन्फर्म किंवा आरएसी पीएनआर लागतो, वेटिंगवर मिळत नाही. आयआरसीटीसीच्या साइटवरून आधी काढा. सुट्टीच्या दिवसांत जागेवर जाऊन मिळणं कठीण. मुंबई सेंट्रलला २०२१ पासून पॉड हॉटेल आहे, एकट्या माणसाला झोपेपुरतं उत्तम. उंच आणि जाड माणसाने आधी फोटो बघावा :D

मीठभाकर
लॉजवर पॅन कार्ड चालत नाही हे पण लिहा. त्यावर पत्ता नसतो. आधार, लायसन्स, मतदार ओळखपत्र यांपैकी काहीतरी हवं, आणि खोलीत राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचं. एकाचं दाखवून चौघं, असं नाही. बरीच लॉजेस मुंबईतलाच पत्ता असलेल्यांना खोली देत नाहीत, ते बुकिंगआधी फोन करून विचारा.
चेक-इनची वेळही विचारा. काहींचा दिवस दुपारी १२ ते १२, काहींचा चोवीस तासांचा. पहाटे निघणार असाल तर पैसे रात्रीच चुकते करा. चार वाजता काउंटरवरचा माणूस गाढ झोपलेला असतो.

चौथी सीट
@मीठभाकर झोपलेला असतो ते ठीक, दाराला आडवा झोपलेला असतो हा खरा प्रॉब्लेम.

गवती चहा
कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या आत लिहिते. फिरायचं कुठे ते कोणी सांगतच नाहीये. सात ते दहा, तीन तास धरा. सीएसएमटीसमोरच्या फुटपाथवरून आधी इमारत बघायची, रात्री दिवे असतात. १८८७ ची आहे, २००४ पासून जागतिक वारशात. मग डी. एन. रोडने सरळ हुतात्मा चौक, साधारण एक किमी. फ्लोरा फाउंटन १८६४ चं आणि शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक. पुढे विद्यापीठाचा राजाबाई टॉवर (१८७८), तिथून ओव्हल मैदान. मैदानात उभं राहिलं की एका बाजूला गॉथिक, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको. हे दोन्ही मिळून २०१८ ला जागतिक वारसा झाले. मग चर्चगेट आणि

शिट्ट्या झाल्या

गवती चहा
हां. चर्चगेटवरून सरळ मरीन ड्राइव्ह. सगळं मिळून तीन किमीच्या आत, रमतगमत सव्वा तास. वाटेत के. रुस्तमचं दोन बिस्किटांमधलं आइस्क्रीम खायचं, ते पटापट खायचं कारण बोटांवरून कोपरापर्यंत येतं. पाय दुखले तर मरीन ड्राइव्हच्या दक्षिण टोकाच्या एनसीपीए नाट्यगृहाकडून सीएसएमटीला परत आणणारी ११५ नंबरची बस. डबल डेकर मिळाली तर वर पुढची सीट. मे २०२५ पासून बेस्टच्या एसी बसचं किमान भाडं १२ रुपये आहे. सुटे ठेवा.
गेटवे रात्री मुद्दाम करू नका. पोलीस बंदोबस्त असला तर लांबूनच बघावं लागतं.

डबा नंबर तीन
मरीन ड्राइव्हला पावसाळ्यात भरतीची वेळ बघूनच जा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मोठा पाऊस एकत्र आला की कठड्याजवळ जाऊ देत नाहीत, आणि खरी अडचण पुढेच असते: हिंदमाता, सायन, कुर्ला, अंधेरी सबवे. लोकल स्लो होतात, रस्ते भरतात. त्या दिवशी विमान असेल तर फिरणं रद्द, सरळ एअरपोर्टजवळ जाऊन झोपा.

मुक्काम पोस्ट सांगली
विमानतळावर जायला मेट्रो ३ चालू झाली ना पूर्ण? आईला सोडायचंय सीएसएमटीवरून.

पाणपोई
@सांगली हो, ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण. सीएसएमटीला स्टेशन आहे, विमानतळाच्या टी१ आणि टी२ टर्मिनलची स्टेशनं वेगवेगळी आहेत. पाऊण तासाच्या आतबाहेर. रस्त्याने संध्याकाळी तेवढ्याला दीड तास सहज जातो. मात्र शेवटची गाडी रात्री साडेदहाच्या सुमाराला आणि पहिली सकाळी सहाच्या. म्हणजे रात्री एकच्या विमानाला जाताना चालेल, पहाटे पाचच्या विमानाला नाही. क्यूआर तिकीट वर रस्त्यावर असतानाच काढा, जमिनीखाली रेंजचा भरवसा धरू नका. फलाट बरेच खोल आहेत, आईंना लिफ्टनेच न्या, लिफ्ट कुठल्या प्रवेशद्वाराला आहे ते आधी बघा.
आणि तिकिटावर बीओएम (मुंबई) आहे की एनएमआय (नवी मुंबई) तेही बघा! नवी मुंबईचं विमानतळ डिसेंबर २०२५ पासून सुरू आहे. तिथे जायचं असेल तर मरोळला राहणं म्हणजे उलटी गंगा. पनवेल किंवा उलव्याकडे बघा.

मुक्काम पोस्ट सांगली
बीओएमच आहे. धन्यवाद दादा. आईचा गुडघा दुखतो म्हणून विचारलं.

घाटावरची
@सांगली ताई, एअरलाइनकडे व्हीलचेअर आधीच नोंदवा, तिकिटात बदल करून होते. आयत्या वेळी काउंटरवर मागितली तर थांबावं लागतं.

सानपाडा स्लो
टॅक्सीबद्दल: रिक्षा दक्षिणेकडे सायन आणि वांद्रे-माहीमच्या पुढे येत नाहीत. बाहेरगावचे लोक सीएसएमटीबाहेर रिक्षा शोधत उभे असतात. काळी-पिवळीचं पहिल्या दीड किमीचं भाडं ३१, रिक्षाचं २६ (फेब्रुवारी २०२५ पासून). रात्री १२ ते पहाटे ५ पंचवीस टक्के जादा, ते कायदेशीर आहे, त्यावरून भांडू नका. मीटर टाकत नसेल तर पुढची टॅक्सी.

लोकलने सामान न्यायचंच असेल तर गर्दीच्या उलट दिशेने. सकाळी ८ ते ११ लोंढा सीएसएमटी-चर्चगेटकडे, संध्याकाळी ५ ते ९ तिथून बाहेर. संध्याकाळी सहाला कल्याण फास्टमध्ये ट्रॉली बॅग घेऊन चढणाऱ्याला कुणी काही बोलत नाही, फक्त बघतात. ते बघणं पुरतं.
रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही लोकल बंद. शनिवारी रात्रीच बातमी बघून ठेवा.

मीठभाकर
दादरला मुक्काम असणाऱ्यांसाठी: डिसेंबर २०२३ मध्ये फलाटांचे नंबर बदललेत. पश्चिम रेल्वे १ ते ७ तसेच, मध्यचे आता ८ ते १४. जुन्या आठवणीवर "दादर एक नंबर" म्हणून कुणाला भेटायला बोलवाल तर तो भलत्याच रेल्वेवर जाऊन उभा राहील.

पहाटे जाग आली तर पश्चिमेला पुलाखालचा फुलबाजार. चार-पाचला ऐन भरात असतो. चप्पल नको, बूट घाला, खाली चिखल असतो. हातगाडीवाल्याच्या वाटेत उभं राहून फोटो काढू नका, तो थांबत नाही.

गवती चहा
आणि मग दादरच्याच प्रकाश हॉटेलचा साबुदाणा वडा.

डबा नंबर तीन
आस्वाद.

गवती चहा
वड्याला प्रकाश, थालिपीठाला आस्वाद. विषय संपला.

डबा नंबर तीन
विषय १९ व्या शतकापासून चालू आहे ताई, तो आज संपणार नाही.

पाणपोई
पहाटे साडेपाचला दोन्ही बंद असतात, भांडू नका. तेव्हा माटुंग्याला जा. मध्य रेल्वेवर दादरच्या पुढचंच स्टेशन, पण तिथे फक्त स्लो थांबते, फास्टमध्ये बसलात तर थेट कुर्ला. पूर्वेला बाहेर पडून राम आश्रय, पहाटेच उघडतं. रविवारी रांग, बाकी दिवशी लगेच जागा. इडली आणि फिल्टर कॉफी, अर्ध्या तासात परत दादर.

मुक्काम पोस्ट सांगली
सिद्धिविनायक होईल का सकाळी? आईची फार इच्छा आहे.

चौथी सीट
@सांगली होईल, मेट्रो ३ चं स्टेशनच आहे सिद्धिविनायक नावाचं, एअरपोर्टच्या वाटेवर. फक्त मंगळवार नको. सोमवारी रात्रीपासूनच रांग लागते. अंगारकी असेल तर विचारच सोडा. २०२५ पासून तोकडे कपडे चालत नाहीत. मोठ्या बॅगा घेऊन जाऊ नका, आधी सामान कुठेतरी ठेवा.

घाटावरची
एलिफंटा, राणीची बाग वगैरे यादीत घालणाऱ्यांनी वार बघा. एलिफंटा सोमवारी बंद आणि बोटीलाच एका बाजूने तास जातो, एका मुक्कामात बसत नाही. राणीची बाग बुधवारी बंद, नॅशनल पार्क सोमवारी.

सानपाडा स्लो
@चौथी सीट ती उरलेली कूपनं किती रुपयांची आहेत?

चौथी सीट
चार-चार रुपयांची. का, घेतोस?

सानपाडा स्लो
संग्रहाला एक द्या. बदल्यात बदलापूरला राहायची सोय करतो.