लो-कार्ब सुरू केल्यापासून दातांवर किटण वाढलंय, मदत हवी आहे

शेवग्याची शेंग

नमस्कार. पाच महिने लो-कार्ब आहार चालू आहे. भात, पोळी, भाकरी, बटाटा, साखर बंद. दिवसाला साधारण ४० ग्रॅम कर्बोदकं. अंडी, पनीर, चिकन, पालेभाज्या, बदाम, ताक असं दोन वेळचं जेवण, मधे काही नाही. सकाळी कोमट पाण्यात एक अख्खं लिंबू पिळून घोट घोट घेणं होतं. मधुमेह नाही, तंबाखू नाही.

१. खालच्या पटाशीच्या दातांना आतून जीभ लावली की खरखरीत लागतं. पिवळट थर दिसतो. स्केलिंग (डॉक्टरांकडून किटण काढून घेणं) होऊन सातच महिने झालेत, एरवी वर्षभर काही जाणवत नसे. साखर बंद केल्यावर किटण कमी व्हायला हवं ना? उलटं का झालं?
२. तोंडाला गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. ब्रश करूनही जात नाही.
३. लिंबूपाण्यानंतर दात आंबतात.
४. के-२ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी किटण विरघळतं असं वाचलं. खरवडायची हत्यारंही ऑनलाइन मिळतात. यातलं काय करावं?

जाणकारांनी कृपया सांगावं.

सामू सात

तुमच्या पहिल्या प्रश्नात कीड आणि किटण यांची गल्लत झाली आहे. दोन्ही दातांवरच्या त्याच चिकट जिवाणूंच्या थरातून होतात, पण रसायन बरोबर उलटं.

कीड म्हणजे दातातलं खनिज विरघळणं. जिवाणू साखर-स्टार्चचं आम्ल करतात, थराचा सामू (पीएच; जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५च्या खाली गेला की इनॅमलमधलं (दाताच्या वरच्या कवचातलं) कॅल्शियम-फॉस्फेट बाहेर पडू लागतं. किटण म्हणजे याच्या उलट. लाळेतलं कॅल्शियम-फॉस्फेट थरात येऊन साचतं आणि थराचा दगड होतो. साचायला सामू जास्त लागतो. तुम्ही आम्लाचा कच्चा मालच बंद केलात, त्यामुळे थर दिवसभर उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी राहतो. दाताला हे चांगलं. आणि किटणालाही.

वर प्रथिनांची भर. प्रथिनं वाढली की रक्तात युरिया वाढतो, तो लाळेत उतरतो, तोंडातले काही जिवाणू त्याचा अमोनिया करतात आणि सामू अजून वर जातो. मूत्रपिंडाच्या जुन्या रुग्णांत हे ठळक दिसतं: रक्तात युरिया भरपूर, दातांवर किटणही भरपूर, कीड मात्र कमी. घरातला कुत्रा बघा. त्याची लाळ आपल्यापेक्षा अल्कधर्मी असते. दाताला कीड क्वचित, पण दाढांवर तपकिरी किटणाची पुटं.

आता खालच्या पटाशीलाच का? जिभेखाली ज्या लाळग्रंथी उघडतात त्यांचं तोंड नेमकं या दातांच्या मागे आहे. ग्रंथीतून ताजी लाळ बाहेर आली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सामू चढतो, क्षार खाली बसतात. पाणी तापवायच्या पातेल्याला आतून पांढरा थर धरतो तोच प्रकार. दुसरं ठिकाण म्हणजे वरच्या दाढांची गालाकडची बाजू, तिथे कानाजवळच्या ग्रंथीची नळी उघडते. (अवांतर: बोअरच्या जड पाण्याने किटण चढतं हा गैरसमज. कॅल्शियम लाळेतलं असतं, पिण्याच्या पाण्यातलं नव्हे.)

म्हणून किटण वाढणं हा आहार चुकल्याचा पुरावा नाही. पण थर तिथे रोज शिल्लक राहतोय याचा नक्की आहे. थर नसेल तर दगड कशाचा होणार? क्षार साचायला एक ते तीन दिवसांत सुरुवात होते, पक्का दगड व्हायला साधारण बारा दिवस. त्याआधी ब्रशने निघतं, नंतर नाही.

आमसूल

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण एक सुटलं: लाळ कमी होणं. कर्बोदकं कमी झाली की शरीरात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, वापरली जाते, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी सुटतं. इन्सुलिन उतरल्यावर मूत्रपिंडं मीठही जास्त टाकतात. तोंड कोरडं पडतं. कोरड्या तोंडात थर जास्त चिकट होतो आणि धुतला जात नाही. रात्री तोंड उघडं ठेवून झोपणाऱ्यांना दुप्पट त्रास. पाणी वाढवा. रक्तदाबाची औषधं नसतील तर जेवणात मीठ फार आवळू नका.

वासाबद्दल: तो अ‍ॅसिटोन आहे, चरबी जळताना बनतो आणि फुप्फुसातून येतो. जीभ घासून जाणार नाही. बऱ्याच जणांचा आपोआप कमी होतो. नाही झाला तर कर्बोदकं १५-२० ग्रॅम वाढवून बघा, लगेच फरक कळतो. मात्र सडका, अंड्यासारखा वास असेल तर तो तोंडातलाच. दाढांमधून फ्लॉस फिरवून हुंगून बघा. घाण वास आला तर तिथल्या हिरडीत गडबड आहे.

पोटमाळा

सगळं उगाच अवघड करताय. शेतीच्या आधी माणूस मांस-कंदमुळं खायचा, ब्रश कुठे होता? दात मोत्यासारखे. भाकरी-भात सुरू झाला आणि दात किडले. लो-कार्ब करा, ब्रशची गरजच नाही.

सामू सात

@पोटमाळा, मोरोक्कोतल्या ताफोराल्त गुहेतले सांगाडे शेतीच्या बरेच आधीचे, साधारण १५,००० वर्षांपूर्वीचे, शिकारी-संकलकांचे. त्यांच्या निम्म्याहून अधिक दातांना कीड आहे, कारण आहारात ओकची पिठूळ फळं भरपूर होती. आणि निअँडरथल माणसांच्या दातांवर किटण इतकं शाबूत आहे की ते खरवडून त्यांनी काय खाल्लं ते शोधता येतं. मोती वगैरे काही नाही.

तुमच्या म्हणण्यात एक खरा धागा मात्र आहे. स्वित्झर्लंडमध्ये १० जणांना चार आठवडे अश्मयुगीन पद्धतीने, ब्रशशिवाय ठेवलं होतं (अभ्यास २००९चा). दातांवरचा थर वाढला, तरी हिरड्यांतून रक्त येणाऱ्या जागा ३४.८ टक्क्यांवरून १२.६ टक्क्यांवर आल्या. जर्मनीतही २०१६ मध्ये छोट्या गटात असंच दिसलं: साखर-मैदा कमी, मासे, क जीवनसत्त्व आणि तंतू जास्त, तर थर तेवढाच असूनही सूज कमी. म्हणजे हिरड्यांना फायदा होतो. थर मात्र कमी होत नाही. दोन्ही गट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत हेही लक्षात असू द्या.

आमसूल

आणि त्या आहारात फळं होती! आपल्याकडे लो-कार्ब म्हणजे फळं पहिली बाद. क जीवनसत्त्व कमी पडलं की हिरड्या स्पंजासारख्या होऊन रक्त येतं आणि माणूस म्हणतो पेस्ट मानवत नाही. रोज एक आवळा किंवा एक कच्ची हिरवी सिमला मिरची घ्या, कर्बोदकांचं गणित बिघडत नाही.

दंतकोन

लिंबाबद्दल आधी, कारण खरं नुकसान तिथे चाललंय. लिंबाच्या रसाचा सामू दोन-अडीच. पाण्यात पिळला तरी इनॅमलच्या मर्यादेच्या खूप खाली. त्यात घोट घोट घेणं म्हणजे दाताला सतत आंघोळ. कीड आणणारे जिवाणू उपाशी ठेवायचे आणि आम्ल बाहेरून आणून ओतायचं! सफरचंदाचं व्हिनेगर आणि डाएट सोडा याच वर्गात. शून्य साखर आहे, आम्ल शून्य नाही. लिंबू बंद करा, नाहीतर जेवणात भाजीवर पिळा. घ्यायचंच तर एका दमात पिऊन साध्या पाण्याने चूळ भरा आणि निदान अर्धा तास ब्रश लावू नका, मऊ पडलेलं इनॅमल खरवडलं जातं. ब्रश आधी केलेला बरा.

आता ब्रश. खालच्या पटाशीच्या मागे ब्रश आडवा बसतच नाही, कमान अरुंद असते. दांडी उभी धरा, ब्रशचं फक्त टोक आत घाला, केस हिरडीच्या रेषेकडे तिरके टेकवा आणि एका दातावर पाच-सहा वेळा हिरडीकडून वर ओढा. मग पुढचा दात. मऊ केसांचा ब्रश, दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. रात्रीचा चुकवायचा नाही. फटींसाठी फ्लॉस, मोठ्या फटींना छोटा इंटरडेंटल ब्रश.

पेस्ट फ्लोराइडचीच घ्या (भारतात १००० पीपीएमची मर्यादा आहे). घटकांत पायरोफॉस्फेट किंवा झिंक सायट्रेट असेल तर नवीन किटण हळू धरतं. जुनं निघत नाही आणि हिरडीखालच्यावर काही परिणाम नाही. राखुंडी, कोळसा, मीठ घासू नका, मुळाजवळचा दात झिजतो. मशेरी तर तंबाखूच.

क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश मनाने सुरू करू नका. ०.२ टक्क्यांचं, १० मिली दिवसातून दोनदा, आठ-पंधरा दिवस, तेही डॉक्टरांनी सांगितलं तर. लांबवलं की दातांवर तपकिरी डाग पडतात आणि गंमत म्हणजे किटण वाढतं.

के-२: किटण शरीराबाहेर, दाताच्या पृष्ठावर बसलेला दगड आहे. गोळी गिळून तो विरघळत नाही. तेलाच्या गुळण्यांनीही नाही. हत्यार घेऊ नका. आरशात उलटं दिसतं, हात घसरला की हिरडी फाटते, आणि वरचा तुकडा उडवला तरी हिरडीखालचा काळा, टणक भाग तसाच राहतो. हिरडीचं आणि हाडाचं नुकसान तिथूनच होतं.

शेवग्याची शेंग

सर्वांचे आभार. लिंबू आजपासून बंद. स्केलिंगबद्दल दोन शंका: वारंवार केल्याने दात सैल होतात का? आणि बसलेला थर अजून मऊ आहे की दगड झालाय हे घरी कसं ओळखायचं?

दंतकोन

ओळखायला: ओठ खाली ओढा, दात रुमालाने कोरडे करा, मोबाइलचा टॉर्च आणि छोटा आरसा वापरा. ओलं असताना किटण दाताच्या रंगात लपतं, कोरडं झालं की खडूसारखं दिसतं. नखाने हलकेच ओढल्यावर पांढरा लगदा आला तर थर मऊ आहे, ब्रशने जाईल. नख अडून राहिलं तर दगड.

सैल होत नाहीत. अल्ट्रासॉनिक टोक कंपनाने दगड फोडतं, दात उपटत नाही. मागाहून दात हलल्यासारखा वाटतो कारण आधी त्याला दगडानेच धरून ठेवलेलं असतं. फट दिसते ती किटण निघाल्याची. थंड-गरम काही दिवस लागेल, दोनेक आठवड्यांत ओसरतं. तुम्ही वर्षाऐवजी सहा महिन्यांनी जा. जास्त किटण धरणाऱ्याला एवढं अंतर पुरे.

गव्हला

थोडं वेगळं विचारते. माझ्या आईला मधुमेह आहे, तीही कर्बोदकं कमी करते. डापाग्लिफ्लोझिन (मधुमेहाची गोळी) चालू आहे. तिच्याही तोंडाला तसाच गोडसर वास येतो. शुगर १४०च्या आसपास असते, म्हणजे काळजी नाही ना?

आमसूल

ताई, हे दातांच्या डॉक्टरांकडे नाही, औषध देणाऱ्या डॉक्टरांकडे आजच कळवा. या गटातल्या गोळ्या आणि लो-कार्ब एकत्र आले की शुगर जवळजवळ नॉर्मल असतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात कीटोन नावाची आम्लं धोकादायक प्रमाणात साचणं) होऊ शकतो, त्यामुळे १४० बघून निर्धास्त राहू नका. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप किंवा गुंगी यातलं काही असेल तर वाट न बघता थेट हॉस्पिटल, आणि गोळीचं नाव तिथे आवर्जून सांगा. रक्तातली कीटोन तपासायला सांगा. गोळी किंवा इन्सुलिन मनाने बंद करू नका, आहाराबद्दलही त्यांनाच विचारा.

हे मार्गी लागलं की हिरड्याही दाखवून घ्या. मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्यांचे उपचार झाल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवणारी टक्केवारी) सरासरी ०.४ ने उतरतो.