तीन थरांच्या ईव्हीए शीटचा पिवळेपणा: एफईआरमधल्या ‘ऑब्व्हियस’ आक्षेपाला उत्तर कसं द्यायचं?

पॉलिमर_पुणे: सोलर पॅनलच्या एन्कॅप्सुलंट शीटचा, म्हणजे सेल झाकून चिकटवणाऱ्या ईव्हीए प्लास्टिकच्या शीटचा, पेटंट अर्ज आहे. काचेकडच्या थरात यूव्ही अब्सॉर्बर (अतिनील किरण शोषणारं रसायन), सेलकडच्या थरात तो नाही. फॉस्फाइट (प्लास्टिक टिकवणारं स्टॅबिलायझर) कुठल्याच थरात नाही. एफईआरमध्ये (पेटंट ऑफिसच्या पहिल्या तपासणी अहवालात) एक्झामिनर म्हणतो, डी1 या आधीच्या दस्तऐवजात असेच थर आहेत, डी2 या दुसऱ्यात फॉस्फाइट वगळलंय, दोन्ही जोडले की झालं, म्हणजे शोध ‘ऑब्व्हियस’ (सहज सुचणारा), कलम 2(1)(जेए). आमचा यलोनेस इंडेक्स (पिवळेपणाचा आकडा) कमी येतो, एवढं पुरेल का?

दावा_लेखक: नाही. कशापेक्षा कमी, ते सांगा. तुलना साध्या ईव्हीएशी नको, डी1 शी हवी. तीन नमुने करा: डी1 चं उदाहरण जसंच्या तसं, डी1 मधून फक्त फॉस्फाइट काढलेलं, आणि तुमचं. काच, जाडी, क्युअरिंग (उष्णतेने पक्कं करणं) सारखं ठेवा आणि पिवळेपणा एएसटीएम ई313 या प्रमाण पद्धतीने मोजा. दुसरा आणि तिसरा सारखेच निघाले तर एक्झामिनरचं म्हणणं खरं ठरतं.

सोलर_लॅब: ‘अ‍ॅडिटिव्हमुळेच रंग येतो हे कुणाला माहीत नव्हतं’ असं मात्र लिहू नका. कॅलिफोर्नियातल्या कॅरिझो प्लेन्सचे पॅनल 1980 च्या दशकात तपकिरी पडले. आरसे लावून ऊन वाढवलेलं, त्यामुळे तापमानही जास्त. ए9918 या त्या जुन्या ईव्हीए मिश्रणात 100 भाग ईव्हीएला ल्युपरसॉल 101 (पेरॉक्साइड) 1.5 भाग, सायासॉर्ब यूव्ही-531 (यूव्ही अब्सॉर्बर) 0.3 भाग आणि फॉस्फाइट (नॉगार्ड पी) 0.2 भाग होते. पेरॉक्साइड आणि स्टॅबिलायझर आपसात भिडून रंग देतात, हे त्यावरच्या अभ्यासांतून छापून आलंय. सेलच्या कडा मात्र स्वच्छ राहतात, कारण तिथे पोचणारा ऑक्सिजन रंग उडवतो. तेव्हा फॉस्फाइट काढण्यावर भर देऊ नका, थरांच्या रचनेवर द्या.

आणि खरी अडचण तिथेच आहे. काचेकडचा आणि सेलकडचा हे दोन्ही थर ईव्हीएचेच असतील तर लॅमिनेशनच्या (पॅनल दाबून चिकटवण्याच्या) उष्णतेत आणि पुढे उन्हात अब्सॉर्बर एका थरातून दुसऱ्यात सरकतो. चाचणी कच्च्या शीटवर न करता लॅमिनेट करून जुनवलेल्या नमुन्यावर करा आणि मधोमध मोजा, कडेला नव्हे.

दावा_लेखक: हे महत्त्वाचं. अब्सॉर्बर सरकत असेल तर ‘अब्सॉर्बर नसलेला थर’ हा दावा तयार पॅनलवर टिकणार नाही. ‘लॅमिनेशनपूर्वीची शीट’ असं मर्यादित करा, तेही स्पेसिफिकेशनमध्ये (अर्जातल्या मूळ वर्णनात) आधार असेल तरच. कलम 59 मुळे नवा मजकूर घुसडता येत नाही. उत्तराची मुदत एफईआरच्या तारखेपासून 6 महिने, आणि नमुने जुनवायलाच त्यातले बरेच जातात. मुदतवाढीचा फॉर्म 4 आधीच भरून ठेवा.