मदत हवी आहे: टोकनचा सप्लाय रोजच्या रोज कसा बदलत गेला हे मागे जाऊन कसं काढायचं?

नमस्कार मंडळी,

क्रिप्टोचा विषय आहे पण भाव वर जाणार का खाली हे विचारायचं नाहीये, माझा प्रश्न निव्वळ हिशोबाचा आहे. मला एका टोकनचा (क्रिप्टो नाण्याचा) सप्लाय, म्हणजे एकूण संख्या, पहिल्या दिवसापासून आजपर्यंत रोज किती होता याचा तक्ता बनवायचाय. तारीख, त्या दिवशी नवीन किती तयार झाले, किती जाळले गेले, म्हणजे कायमचे बाद केले, आणि दिवसाअखेर शिल्लक किती. पासबुकात असतं तसं, एवढंच.

कारण सांगतो. आमच्या नात्यातल्या ग्रुपवर शिबा इनू या टोकनचे मेसेज सारखे फिरत असतात, "आज बर्न रेट इतके हजार टक्क्यांनी वाढला", "४१ टक्के सप्लाय जळाला, आता उरलेल्याची किंमत चढणारच" वगैरे. माझा मावसभाऊ नुकता नोकरीला लागलाय आणि तो ह्या मेसेजवर विसंबून दर महिन्याला पगारातले पैसे त्यात टाकतोय. नुसतं "नको टाकू" म्हणून तो ऐकणार नाही, पण कॉमर्सचा आहे, आकडे समोर मांडले तर शांतपणे बघतो. म्हणून मला दुसऱ्याचा चार्ट नकोय, तो बसून स्वतः तपासू शकेल असा तक्ता हवाय.

आता काय काय करून बघितलं ते सांगतो म्हणजे तेच परत सुचवायला नको.

भाव दाखवणाऱ्या साइट्सवर आजचा सप्लाय मिळतो, कालचा नाही. एकाने सुचवलं की मार्केट कॅपला भावाने भागलं की त्या दिवशीचा सप्लाय निघतो, ते खरंय, पण कॉइनगेकोच्या फुकट खात्यावर मागचे ३६५ दिवसच मिळतात आणि तो सर्क्युलेटिंग (बाजारात फिरणारा) सप्लाय असतो, म्हणजे त्यात कुणीतरी आधीच काय धरायचं आणि काय वगळायचं ते ठरवलेलं असतं, जे नेमकं मला स्वतः तपासायचंय.

मग पायथॉनमधून थेट कॉन्ट्रॅक्टलाच (इथेरियमच्या साखळीवर टोकन चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) विचारलं. टोटलसप्लाय हे फंक्शन सगळ्या ईआरसी-२० (इथेरियमवरच्या टोकनचा ठरलेला साचा) टोकनमध्ये असतंच. आजचा आकडा लगेच आला, पण २०२१ मधला ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा) नंबर दिला की "मिसिंग ट्राय नोड" असा एरर येतो, पब्लिक नोड (साखळीची प्रत ठेवणारा, सगळ्यांना खुला संगणक) बदलून पाहिला तरी तेच.

शेवटी गुगल बिगक्वेरीवर इथेरियमचा जो सार्वजनिक डेटा आहे त्यातून ट्रान्सफर इव्हेंट, म्हणजे टोकन इकडून तिकडे गेल्याच्या नोंदी, काढले. शून्य पत्त्यावरून (सगळी शून्यं असलेल्या, कुणाचाच नसलेल्या पत्त्यावरून) आलेले म्हणजे नवीन तयार झालेले, शून्य पत्त्यावर गेलेले म्हणजे जाळलेले, असं धरून रोजची बेरीज वजाबाकी केली. आणि इथे गाडी अडलीय. शिबाचे सुरुवातीला हजार लाख कोटी टोकन तयार झाले ते बरोबर दिसतं, पण माझ्या तक्त्यात शेवटी जो आकडा येतो तो हजार लाख कोटीपेक्षा जरासाच कमी आहे. कॉन्ट्रॅक्टचं टोटलसप्लायही तेच सांगतं. मात्र सगळ्या साइट्सवर एकूण सप्लाय साधारण ५८९ लाख कोटी आहे. मधले ४१० लाख कोटी कुठे दिसतच नाहीत! शून्य पत्त्याशिवाय ज्याच्या शेवटी "डेड" लिहिलेलं असतं तो नेहमीचा बर्न पत्ताही धरला, तरी हिशोब लागत नाही.

पद्धत तपासायची म्हणून हीच क्वेरी यूएसडीटीवर (टेदर कंपनीचं डॉलरला बांधलेलं टोकन) चालवली तर तिथे शून्य पत्त्यावरून आलेलं काहीच नाही, आणि रॅप्ड ईथरवर (ईथर या इथेरियमच्या नाण्याचं टोकन रूप) पण तेच. एवढे मोठे टोकन, तयार तर कुठूनतरी झालेच असणार ना?

तर शिबाचे ते ४१० लाख कोटी कुठे शोधायचे, यूएसडीटीसारख्या टोकनसाठी काय मोजायचं, आणि जुन्या ब्लॉकवरचं टोटलसप्लाय खिशातले पैसे न घालता कसं मिळवायचं, एवढं कुणी सांगितलं तर फार उपकार होतील.

— आकडेमोड

*

निळी शाई:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. तुमची बेरीज बरोबरच आहे, फक्त एक पत्ता राहिलाय.

शिबा बनवणाऱ्यांनी सुरुवातीला निम्मे टोकन इथेरियमच्या संस्थापकांपैकी विटालिक बुटेरिनच्या पत्त्यावर पाठवून दिले होते. मे २०२१ मध्ये त्याने त्यातले ५० लाख कोटींच्या आसपास आपल्याकडच्या कोविड मदतनिधीला दिले, पॉलिगॉन या ब्लॉकचेन प्रकल्पाच्या संदीप नैलवालने सुरू केलेला तो क्रिप्टो रिलीफ फंड, आणि त्याच महिन्यात सुमारे ४१० लाख कोटी एका मेलेल्या पत्त्यावर पाठवले. पण तो पत्ता तुम्ही धरलेला नाही. "डेड" हा शब्द त्याच्या शेवटी नाही, सुरुवातीला आहे, आणि शेवटी ४२०६९ हे आकडे परत परत येतात. हा तिसरा पत्ता क्वेरीत टाका, मे २०२१ मध्ये एकदम कडा कोसळल्यासारखी घसरण दिसेल.

आता टोटलसप्लाय का बदललं नाही, तर कॉन्ट्रॅक्टच्या दृष्टीने तो पत्ता इतर कुठल्याही पत्त्यासारखाच आहे. त्याची चावी कुणाकडेच नाही असं आपण मानतो, कॉन्ट्रॅक्टला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. टोटलसप्लाय कमी होतं ते कुणी कॉन्ट्रॅक्टचं बर्न फंक्शन चालवलं तरच, आणि शिबामध्ये ते फार थोडं वापरलं गेलंय, तुम्हाला दिसतो तो जरासा फरक तोच. म्हणून तक्त्यात दोन वेगळे कॉलम ठेवा, एक कॉन्ट्रॅक्ट म्हणतं तो सप्लाय, दुसरा त्यातून मेलेल्या पत्त्यांवरची शिल्लक वजा करून. एकाच कॉलममध्ये दोन्ही मिसळलं की नंतर कुणालाच ताळा लावता येत नाही, आणि बहुतेक भांडणं तिथूनच सुरू होतात.

आणि मावसभावासाठी मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. तो ४१ टक्क्यांचा आकडा खरा आहे, पण तो जवळजवळ सगळा त्या एका व्यवहाराचा आहे. त्यानंतर आजपर्यंत लोकांनी जे जाळलं ते सगळं मिळून एकूण टोकनच्या एक टक्कासुद्धा भरत नाही. "बर्न रेट हजारो टक्के वाढला" म्हणजे काल अगदी थोडे जळाले आणि आज त्यापेक्षा बरे जळाले, एवढंच, ती टक्केवारी कालच्या बर्नशी असते, सप्लायशी नाही. २०२१ नंतरची रेघ वेगळी काढून दाखवा, सपाट दिसेल.

*

देवगडकर:

यूएसडीटीचं मी सांगतो, हे काम मी नोकरीत करतो म्हणून जरा सविस्तर.

शून्य पत्त्यावरून ट्रान्सफर म्हणजे नवीन टोकन, हा संकेत ईआरसी-२० मध्ये "असं करावं" इतकाच आहे, सक्ती नाही. यूएसडीटीचा कॉन्ट्रॅक्ट २०१७ चा, तो हे पाळत नाही. तिथे नवीन टोकन काढले की इश्यू नावाचा इव्हेंट येतो, परत घेतले की रिडीम, आणि गोठवलेल्या पत्त्यावरचे टोकन नष्ट केले की डिस्ट्रॉइड ब्लॅक फंड्स. तिन्ही घेतले तरच हिशोब लागतो, तिसरा लोक हमखास विसरतात. ट्रान्सफरचा टेबल सोडून लॉग्सचा टेबल वापरा. रॅप्ड ईथरमध्ये डिपॉझिट आणि विड्रॉवल हे दोन इव्हेंट आहेत, तिथे टोटलसप्लाय म्हणजे त्या कॉन्ट्रॅक्टमध्ये पडलेले ईथर, बाकी काही नाही. याउलट यूएसडीसीमध्ये (असंच दुसरं डॉलरचं टोकन) मिंट (तयार करणे) आणि बर्न (जाळणे) हे इव्हेंट पण येतात आणि शून्य पत्त्याचे ट्रान्सफर पण, तिथे दोन्ही धरलेत तर सगळं डबल होईल.

लायडोचा एसटीईथर (स्टेकिंगला, म्हणजे व्याजासाठी ठेवीला, लावलेल्या ईथरचं टोकन) कधी घेतलात तर तिथे इव्हेंटची बेरीज पुरतच नाही, स्टेकिंगचं व्याज आलं की सगळ्यांची शिल्लक आपोआप वाढते आणि प्रत्येकाला वेगळा ट्रान्सफर येत नाही.

दशांश पण बघून घ्या, म्हणजे कच्च्या आकड्यात शेवटचे किती अंक दशांशाचे आहेत ते. शिबाला १८, यूएसडीटी आणि यूएसडीसीला ६, रॅप्ड बिटकॉइनला ८. आणि यूएसडीटी ट्रॉन या दुसऱ्या चेनवर (ब्लॉकचेनवर) पण प्रचंड आहे, एका चेनवरचा सप्लाय खाली आला म्हणजे पैसे बाहेर गेले असं समजू नका, कंपनी एका चेनवरचे टोकन काढून घेऊन तेवढेच दुसऱ्या चेनवर देते. शिवाय टेदर कंपनी टोकन तयार करून आधी स्वतःच्या ट्रेझरीत ठेवते आणि लागतील तसे बाहेर काढते, टोटलसप्लायमध्ये तेही धरलेले असतात, म्हणून कंपनीच्या पानावरचा आकडा आणि तुमचा आकडा जुळला नाही तर आधी ट्रेझरीची शिल्लक बघा.

*

पाऊलवाट:

मिसिंग ट्राय नोड हा खरं तर बिघाड नाहीये. साधा फुल नोड शेवटच्या १२८ ब्लॉकपर्यंतचीच स्थिती हाताशी ठेवतो, म्हणजे अर्धा तास पण नाही. जुन्या ब्लॉकवर फंक्शन चालवायचं तर आर्काइव्ह नोड, म्हणजे सगळी जुनी स्थिती जपणारा नोड, लागतो. तो घरी चालवायच्या भानगडीत पडू नका, अल्केमीसारख्या नोडची सेवा देणाऱ्या ठिकाणी फुकट खात्यावर आर्काइव्ह मिळतं, मर्यादा आहे पण दिवसाला एक आकडा घ्यायला भरपूर होते. इथरस्कॅनवर पण जुन्या ब्लॉकचा सप्लाय द्यायची सोय आहे, फक्त ती पैसे भरणाऱ्यांसाठी आहे.

दिवसाचा शेवटचा ब्लॉक शोधायला टाइमस्टॅम्पवर बायनरी सर्च करा. सप्टेंबर २०२२ पासून दर १२ सेकंदांना एक ब्लॉक असा ठोका आहे, त्याआधी अंतर कमीजास्त असायचं, म्हणून नुसत्या गुणाकाराने ब्लॉक नंबर काढू नका. आणि सगळीकडे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरा, म्हणजे दिवस आपल्याकडच्या पहाटे साडेपाचला बदलतो. तुमचा दिवस रात्री बाराला संपला आणि बिगक्वेरीचा साडेपाचला, की मे २०२१ सारख्या महिन्यात तारखाच सरकतात.

पण माझ्या मते मुख्य तक्ता इव्हेंटवरूनच बनवावा आणि आर्काइव्हचा आकडा महिन्यातून एकदा ताळा बघायला घ्यावा. दिवसाअखेरचा एकच आकडा घेतला की मधलं काहीच दिसत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये पॅक्सॉस कंपनीकडून पेपालच्या पीवाययूएसडी या डॉलर-टोकनचे ३०० लाख कोटी टोकन चुकून तयार झाले आणि अर्ध्या तासाच्या आत ते जाळूनही टाकले. ज्यांच्याकडे फक्त दिवसाअखेरची शिल्लक आहे त्यांच्या तक्त्यात त्या दिवशी काही घडलेलंच नाही, इव्हेंटवाल्याच्या तक्त्यात मात्र दोन्ही ओळी आहेत.

*

आकडेमोड:

तिघांचेही मनापासून आभार. तिसरा पत्ता टाकला आणि ते ४१० लाख कोटी सापडले, अगदी मे २०२१ मध्येच. ती रेघ बघून मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो होतो, त्यानंतर खरंच सपाट आहे.

आता नवीन अडचण. बिगक्वेरीत व्हॅल्यू हा कॉलम मजकूर म्हणून आहे, त्याला न्यूमेरिक केलं की यूएसडीटी नीट चालतं पण शिबाच्या पहिल्याच ओळीला ओव्हरफ्लो होतो. फ्लोट केलं तर चालतं, पण शेवटी बेरीज थोडी थोडी चुकतेय आणि टोटलसप्लायशी जुळत नाही. एक्सेलमध्ये उतरवल्यावर तर अजूनच.

आणि सहज विचारतो, ईथरचाच असा तक्ता काढायचा झाला तर? त्याला कॉन्ट्रॅक्टच नाही.

*

देवगडकर:

न्यूमेरिकमध्ये दशांशचिन्हाच्या आधी २९ अंकच मावतात. हजार लाख कोटी म्हणजे एकावर १५ शून्यं, त्यावर दशांशाची १८, झाले ३४ अंक. बिगन्यूमेरिक वापरा, त्यात ३८ अंक सुखाने बसतात. फ्लोट हिशोबाला कधीच घेऊ नका, १५-१६ अंकांनंतर तो गोल करतो. एक्सेलचंही तेच, १५ अंकांपुढे शून्यं भरतो, म्हणून आधी क्वेरीतच १८ दशांशांनी भागून पूर्ण टोकनचा आकडा करा आणि मग उतरवा, भावाला दाखवायला तेवढी अचूकता पुरते. पायथॉनमध्ये साधा इंट कितीही मोठा चालतो, फक्त पांडाजमध्ये (तक्त्यांच्या लायब्ररीत) टाकताना तो फ्लोट होत नाहीये ना ते बघा.

आणि क्वेरीला तारखेची अट घाला, २०२० च्या जुलैच्या आधी शिबा नव्हताच. लागतील तेवढेच कॉलम मागा आणि निकाल स्वतःच्या टेबलात साठवा, महिन्याला एक टेराबाइट फुकट असतं, ते निष्काळजीपणे एका दुपारीच संपतं.

*

निळी शाई:

ईथरचं गणित वेगळं, आणि मला तर तेच जास्त आवडतं. तिथे नियमांवरून मोजायचं. जुलै २०१५ ला सुरुवातच ७ कोटी २० लाख ईथरने झाली. मग प्रत्येक ब्लॉकला मायनरला (ब्लॉक बनवणाऱ्याला) ५ ईथर, ऑक्टोबर २०१७ पासून ३, फेब्रुवारी २०१९ पासून २, शिवाय अंकल ब्लॉकचे (मुख्य साखळीत न बसलेल्या ब्लॉकचे) वेगळे. ऑगस्ट २०२१ च्या लंडन अपग्रेडपासून प्रत्येक ब्लॉकची बेस फी (व्यवहाराचं किमान शुल्क) जळते, ती काढायची तर त्या ब्लॉकमधला वापरलेला गॅस (कामाचं माप) गुणिले बेस फी. सप्टेंबर २०२२ ला मर्ज झालं, म्हणजे मायनिंगच्या जागी स्टेकिंग आलं, आणि मायनरना रोज मिळणारे जवळपास १३,००० ईथर बंद झाले, उरले फक्त स्टेकिंगवाल्यांचे. मार्च २०२४ च्या डेनकन अपग्रेडपासून लेयर-२ वाले (इथेरियमच्या वर चालणाऱ्या चेन) स्वस्तात ब्लॉब (डेटा ठेवायची तात्पुरती जागा) वापरायला लागले, जळणं खूप कमी झालं आणि सप्लाय परत हळूहळू चढायला लागला. स्टेकिंगचा भाग बीकन चेनवर (स्टेकिंगचा हिशोब ठेवणारी चेन) असतो म्हणून एकट्या एक्झिक्यूशन (व्यवहार चालवणाऱ्या) नोडवरून पूर्ण हिशोब लागत नाही.

शिबाचा तक्ता तयार झाला की क्वेरीसकट इथे टाका, बिगन्यूमेरिक केल्यावर टोटलसप्लायशी शेवटच्या अंकापर्यंत जुळायला हवा. नाही जुळला तर कुठल्या तारखेपासून फरक पडतो ते शोधा आणि ती तारीख सांगा, आपण बघू.