२०१८ चं आइस डान्सचं गोल्ड तुम्ही कुणाला दिलं असतं?

झोपमोड:
मंडळी, आधीच सांगतो, मी बर्फ फक्त फ्रीजमधे आणि गोळेवाल्याकडे बघितलेला माणूस आहे. बायको माहेरी गेलीये, रात्री झोप येईना तर यूट्यूबने मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइटचा २०१० चा डान्स समोर आणून टाकला, 'कजरा रे' आणि 'डोला रे' वर! आधी हसायलाच बसलो होतो, पण अर्ध्या मिनिटात हसू गेलं. मग काय, एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, तीन रात्री गेल्या.

आता मुद्दा. २०१८ चं प्याँगचांग ऑलिंपिक. कॅनडाचे टेसा व्हर्च्यू-स्कॉट मॉयर २०६.०७, फ्रान्सचे गॅब्रिएला पापादाकिस-गियॉम सिझरों २०५.२८. म्हणजे ०.७९ ने गोल्ड गेलं. आणि दोन डान्सच्या मार्कांची बेरीज होते त्यातल्या दुसऱ्या, फ्री डान्समधे तर फ्रेंचच पुढे होते, १२३.३५ ला १२२.४०! मला त्यांचा तो 'मूनलाइट सोनाटा' बघताना श्वास घ्यायचं भान राहिलं नाही. कॅनडावाल्यांचं 'मूलां रूज' भारी आहे पण थोडं 'बघा बघा आम्ही किती प्रेमात आहोत' टाइप वाटलं. शिव्या घालायच्या तर घाला पण कारण सांगा. आणि उड्या नसतात तर या खेळात बघायचं काय असतं तेही सांगा.

निंबोणी:
शिव्या नाही घालत पण चुकताय हो तुम्ही. ते गोल्ड फ्री डान्समधे गेलंच नाही, ते आदल्या दिवशी पहिल्या, शॉर्ट डान्समधे गेलं. ८३.६७ आणि ८१.९३, तिथेच १.७४ चा फरक. त्या वर्षी सगळ्यांना लॅटिन रिदम होता आणि आत रुंबाचा ठरलेला पॅटर्न, तो सगळ्यांना सारख्याच स्टेप्सने करायचा असतो, त्यामुळे लपायला जागा नसते. बिचाऱ्या गॅब्रिएलाच्या ड्रेसचा मानेजवळचा हुक सुरवातीलाच निघाला आणि अख्खा डान्स तिने तो ड्रेस सांभाळत केला. जगासमोर, ऑलिंपिकमधे. माझ्या साडीची पिन निघाली तर मी लग्नाच्या हॉलमधून पळून जाते. तरी त्या दोघांनी दुसरा नंबर काढला, यातच काय ते समजा.

पण हुक निघाला नसता तर जिंकले असते का? मला नाही वाटत. टेसा-स्कॉटचा तो शॉर्ट डान्स आवाज बंद करून बघा. फक्त पाय बघा. दोघांचे पाय किती जवळ आहेत, ब्लेड किती तिरकं झुकतंय, वेग कुठे पडतोय का. साध्या जोड्या वळणाआधी किंचित थांबतात, हे दोघं वळणातून वेग घेऊन बाहेर येतात. मग ट्विझल्स बघा, म्हणजे एका पायावर गिरक्या घेत पुढे सरकणं, दोघांचा एकच ठेका पडायला हवा. जराही अंतर वाढलं की मार्क गेले. आणि लिफ्टमधे, म्हणजे जोडीदाराला उचलताना, पेअर स्केटिंगसारखं (तो जोडीचाच पण उड्यांचा वेगळा प्रकार) हात ताठ करून डोक्यावर उचलायला परवानगी नसते, म्हणून मग त्या चित्रविचित्र गुंडाळ्या.

टोरांटोची_सून:
मी न्यूट्रल नाहीये हे आधीच कबूल करते. त्या रात्री आम्ही सगळे टीव्हीसमोर, सासूबाई जप सोडून बसलेल्या. त्यांना एकच प्रश्न, "यांचं लग्न झालंय का गं?" आई, नाही. "मग होणार आहे का?" आई, नाही हो! हा प्रश्न इथे अख्ख्या देशाला पडला होता, त्यामुळे त्यांना काय बोलणार. टेसा सात वर्षांची आणि स्कॉट नऊचा असल्यापासून एकत्र स्केट करतात, म्हणजे वीस वर्षं झाली होती. 'आम्ही प्रेमात आहोत' हे नाटक आहे म्हणताय ना झोपमोड भाऊ, अहो नाटकच आहे ते, आणि इतकं चोख की लोकांना खरं वाटतं, त्याचेच तर मार्क! 'मूलां रूज' मधली ती सुरवातीची लिफ्ट जरा जास्तच धीट होती, ऑलिंपिकच्या आधी त्यांनी ती बदलली. मला जुनीच आवडायची.

एक गंमत, या दोन्ही जोड्या माँट्रियलला एकाच रिंकवर, मारी-फ्रान्स डुब्रॉय आणि पात्रिस लोझोंकडेच शिकत होत्या. रोज सकाळी आपला शत्रू शेजारी सराव करताना बघायचा, काय डोकं लागत असेल.

बोरकर_नव्हे:
आणि तिथेच घोळ झाला. त्यानंतर जो उठतो तो माँट्रियलला, मग सगळे सारखेच दिसायला लागले. हळू पियानो, फिकट ड्रेस, एकमेकांत विरघळणं. पापादाकिस-सिझरोंनी केलं तेव्हा ते त्यांचं होतं, बाकीच्यांनी केलं की झेरॉक्स. मला म्हणून कॅनडाचेच पायपर गिलिस-पॉल पोइरिए आवडतात, त्यांचं 'व्हिन्सेंट' बघा, हातांच्या रेषांनी चित्र काढल्यासारखं. अमेरिकेचे मॅडिसन चॉक-इव्हन बेट्स माँट्रियललाच शिकलेले, पण ती नागीण झाली होती तो डान्स आणि नंतरचा परग्रहवासी-अंतराळवीर, निदान काहीतरी वेडेपणा तरी आहे त्यात. २०२३, २४, २५ तिन्ही वर्ल्ड्स (जागतिक स्पर्धा) उगाच नाही जिंकले.

आणि धीटपणाच बघायचा तर १९८४, सारायेव्हो ऑलिंपिक, ब्रिटनचे टॉर्विल-डीन. संगीत कापून कापून ४ मिनिटं २८ सेकंदांच्या खाली येईना, नियम ४:१० चा. मग नियम वाचला, घड्याळ ब्लेड बर्फाला लागल्यावर सुरू होतं. पठ्ठे गुडघ्यांवर बसून नाचायला लागले! नऊच्या नऊ जजेसनी कलेचे ६.० दिले, म्हणजे तेव्हाचे पैकीच्या पैकी.

जाता जाता, तुमच्या 'कजरा रे' बद्दल. त्याच सीझनला रशियाच्या डोम्निना-शबालिननी ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींचा म्हणून डान्स केला, अंगावर रंगाचे पट्टे वगैरे, तिथले लोक भडकले आणि बरोबर भडकले. अमेरिकन पोरं मात्र एका भारतीय नृत्यशिक्षिकेकडे जाऊन शिकली होती. मान, मनगटं बघा, कळतं. शिकून केलं आणि अंदाजपंचे केलं, दोन्ही एकाच संध्याकाळी एकाच बर्फावर बघायला मिळालं.

निंबोणी:
काका +१, फक्त ते झेरॉक्स सोडून. तरी २०१० ला व्हँकुव्हर ऑलिंपिकला गोल्ड टेसा-स्कॉटचंच हं, मेरिल-चार्ली सिल्वर. २०१४ ला सोचीला उलटं झालं. दोन्ही जोड्या तेव्हाही एकाच कोचकडे, मिशिगनला मरीना झुएव्हाकडे. हा यांचा जुनाच छंद.

झोपमोड:
काल रात्री आवाज बंद करून चारही डान्स बघितले. पाय बघायला लागलो आणि आता चेहरे दिसतच नाहीत, काय करून ठेवलंत माझं. निंबोणीताई, शॉर्ट डान्सचं पटलं, हुक धरूनही टेसा-स्कॉट पुढे. फ्री डान्स मात्र मी फ्रेंचांनाच देणार, थोड्याशा फरकाने का होईना, यावर तडजोड नाही. हा माझा फायनल निकाल.

निंबोणी:
अहो, मग जजेसनी वेगळं काय केलं?

झोपमोड:
...

बायको उद्या येतेय. 'व्हिन्सेंट' आज रात्रीच बघून घेतो.