मुरली देवरा: व्यावसायिक माणूस 22 वर्षे मुंबई काँग्रेसचा अध्यक्ष कसा राहिला?

गिरगावकर (प्रश्न):
माझे आजोबा गिरगावात काँग्रेसचे कार्यकर्ते होते. त्यांच्या जुन्या ट्रंकेत सदस्यनोंदणीचे एक अर्धवट वापरलेले पावतीपुस्तक नुकतेच सापडले. उरलेल्या कोऱ्या पावत्यांच्या पाठीवर त्यांनी शिसपेन्सिलीने किराण्याचा हिशेब लिहिला आहे. त्या काळात मुंबई काँग्रेसचे अध्यक्ष मुरली देवरा होते, आणि 1981 ते 2003 अशी 22 वर्षे ते पद त्यांच्याकडे राहिले. ते व्यवसायातून आलेले, चळवळीतून किंवा कामगार संघटनेतून नव्हे. मग हे कसे शक्य झाले, आणि तेवढ्या काळात संघटनेचे काय झाले?

मैदानाजवळचा (उत्तर):
पहिली गोष्ट म्हणजे मुंबई काँग्रेस प्रदेश काँग्रेसच्या हाताखाली नाही. तिला स्वतंत्र प्रदेश समितीचा दर्जा असून ती थेट दिल्लीला उत्तरदायी असते. त्यामुळे मंत्रालयात मुख्यमंत्री कितीही बदलले, तरी दिल्लीचा विश्वास असेपर्यंत मुंबईच्या अध्यक्षाची खुर्ची हलत नाही. ज्या शहरात देशातले मोठे उद्योगपती राहतात, तिथे त्यांच्यात सहज वावरणारा अध्यक्ष दिल्लीला सोयीचा वाटणे स्वाभाविकच होते. मात्र ते आयते आलेले नव्हते. महापालिकेत काम करून ते 1977-78 मध्ये महापौर झाले होते. 1980 मध्ये दक्षिण मुंबईत जनता पक्षाच्या रतनसिंह राजदांकडून ते पराभूत झाले आणि पुढच्याच वर्षी अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, हे मला विशेष वाटते. व्यापाऱ्याने पक्ष सांभाळण्याची परंपरा काँग्रेसमध्ये जुनी आहे. जमनालाल बजाज 1920 पासून अनेक वर्षे पक्षाचे खजिनदार होते. पण खजिनदाराला तिकिटे वाटावी लागत नाहीत.

परळचा रहिवासी (उत्तर):
वरच्या उत्तरात गिरणगाव आलेच नाही. देवरा अध्यक्ष झाल्यानंतर लवकरच, 18 जानेवारी 1982 रोजी, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. कायद्याने मान्यता असलेली राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही संघटना काँग्रेसच्या वळचणीची, आणि चाळीचाळीत राग होता तो तिच्यावरच, त्यामुळे तो पक्षावरही उलटला. आमच्या मजल्यावर दिवाळीचा फराळ त्या वर्षी फक्त एका घरात झाला, आणि त्या घरातले कोणी गिरणीत नव्हते. 1985 मध्ये महापालिका शिवसेनेकडे गेली, 1992 मध्ये ती काँग्रेस आणि मित्रपक्षांकडे परत आली, आणि 1997 मध्ये पुन्हा गेली. हे सगळे देवरांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण संप त्यांनी घडवला नव्हता आणि तो मिटवणेही त्यांच्या हातात नव्हते. तरीही ज्यांच्या घरात पगार येणे थांबले होते, अशा माणसांशी बोलायला पक्षाकडे अध्यक्षांखेरीज दुसरे कोणी हवे होते, आणि ते उभे केले गेले नाही, असे माझे मत आहे.

लोकलचा प्रवासी (उत्तर):
त्यांचे सर्वांत टिकाऊ काम पक्षाच्या चौकटीबाहेरचे आहे. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध त्यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि 2 नोव्हेंबर 2001 रोजी न्यायालयाने रुग्णालये, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, न्यायालये, रेल्वेसह सार्वजनिक वाहने अशा ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. 2003 मध्ये संसदेचा कायदाही आला. त्याआधी दुसऱ्या वर्गाच्या डब्यात दारापाशी बिडी पेटली की धूर थेट आतल्या चौथ्या सीटवर येत असे, आणि तक्रार करणाऱ्यालाच चार शब्द ऐकावे लागत. 2006 ते 2011 या काळातल्या त्यांच्या पेट्रोलियम मंत्रिपदाविषयी लोक बरेच बोलतात. मला मात्र तो डबा आठवतो.

गिरगावकर:
सर्वांचे आभार. स्थळप्रती पुन्हा पाहिल्या. शेवटची पावती डिसेंबर 1984 ची आहे, म्हणजे देवरा प्रथम लोकसभेवर निवडून आले त्याच महिन्यातली. त्यानंतर तूरडाळ आणि रॉकेलच सुरू होते. आजोबांनी सदस्य नोंदवणे का थांबवले, हे आता आईला विचारतो.